शेऱ्याचा रकाना

चार्ज देताना यादी करावी लागते.
सतरंज्या दोन, पैकी एक फाटकी.
पातेलं एक, झाकण नाही.
रजिस्टरं अकरा. मोबाईल एक, तापतो.
लटकता वजनकाटा एक, झोळीसह.
नव्या बाईंची सही, खाली माझी.
यादीत बसत नाही ते
इथं शेऱ्याच्या रकान्यात लिहिते.
दोन बोटं रुंद आहे, तिरकं लिहावं लागेल.

बहात्तरला अंगणवाडी नव्हती.
बोरटाकळीच्या माळावर पाझर तलावाचं काम होतं
आणि बाभळींना लुगड्याच्या नऊ झोळ्या.
माझ्या सासूचं, सोजरबाईचं, बोट खडीखाली चेचलं
तसं मुकादमानं तिला सावलीला बसवलं.
"उगं बसू नको, लेकरं बघ."
एकाच दोरीनं ती नऊ झोळ्या हलवायची.
दुपारी सुकडी पाण्यात कालवून चाटवायची,
त्याच बोटानं.
मस्टरवर तिच्या नावापुढं होतं, खडी फोडणे.
लेकरं सांभाळणे असा रकानाच नव्हता.
मग मोजणीच्या दिवशी बाया
आपापल्या ढिगातली एकेक पाटी
तिच्या ढिगावर ओतायच्या.
सरकारची सुकडी, सरकारची दोरी,
पगार मात्र पाटीपाटीनं बायांचा.

मी लागले त्र्याऐंशीला.
सातवी पास, बौद्धवाड्यातली सून.
मानधन हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला.
त्यातला मान कोणता, धन कोणतं,
दर मोर्चात विचारलं, परभणीला, मुंबईला.
मारुतीच्या ओसरीत बसू नका म्हणाले.
चावडीत बसलो, तर तिथं पंचनामे.
शेवटी खाजाभाई तांबोळींनी पानाची खोली दिली.
लेकरं घरी जायची
ती विड्याच्या वासाची.

खिचडी मदतनीस कौशाबाई करायची.
तिच्या हातची म्हणून वरच्या आळीची लेकरं
घरून डबे आणायची, तोंड फिरवून खायची.
मी काही बोलले नाही. भांडायला हवं होतं का, ठाऊक नाही.
एक दिवस तिथल्याच दैवशालानं
शेजारच्या इरफानच्या ताटलीत हात घातला,
मूठभर खाल्लं, म्हणाली, अजून.
त्या दिवशीच्या रजिस्टरात मी लिहिलं,
लाभार्थी एकने वाढ.

दिवाळी झाली की ट्रक येतात.
भांडी, कोयते, शेळी, वर लेकरं.
पट चाळीसचा एकोणीस होतो.
शेऱ्यात एकच शब्द, स्थलांतरित.
चैत्रात परत येतात ती हडकून, उन्हानं रापून.
जी येत नाहीत
त्यांच्याही पुढं तोच शब्द राहतो.
खोडायला नियम नाही, आणि मलाही
दुसरा शब्द लिहवला नाही.

आता इमारत आहे. गळते, पण आपली आहे.
भिंतीवर हत्ती आहे, त्याचा एक कान
तीन पावसाळ्यांपूर्वी पोपडा होऊन पडला.
हजेरी मोबाईलवर. रेंज गावात नाही,
ती येते माळावर, तलावाच्या भिंतीवर.
रोज अकरा वाजता मी चढून उभी राहते,
हात वर करून, लेकरांचे फोटो सरकारला पाठवत.
पायाखाली खडी वाजते.
पर्यवेक्षिका मॅडम म्हणतात, तुमचा डेटा वेळेवर येतो.

नव्या बाई, तुमचं नाव मी अजून नीट विचारलं नाही.
पण एक गोष्ट कुणी सांगणार नाही, ती ऐका.
हा काटा रिकामा असला तरी
दोनशे ग्रॅम दाखवतो.
दुरुस्तीचे अर्ज फायलीत आहेत, सात.
एकोणीस वर्षं मी प्रत्येक लेकरातून
ते दोनशे वजा करत आले.
तुम्हीही करा.
फक्त संध्याकाळी, कुलूप लावायच्या आधी,
झोळी नुसतीच लटकत असते
तेव्हा वजा करू नका.