न गाळलेली

भांडारकर रस्त्यामागच्या बोळात
पूर्वी झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे
आता सहा उंच स्टुलं आणि खडूनं लिहिलेला फळा.

आधी आलं लालभडक काहीतरी,
बर्फात संत्र्याची फोड.
इटलीत जेवणाआधी घेतात म्हणे, भूक लागावी म्हणून.
पहिल्याच घोटाला वैजू ओरडली,
"अगं, हे तर काडेचिराईत!"
दोघींनी सवयीनं नाक दाबलं,
रविवारी सकाळी दाबायचो तसं.

मग वाइन. गढूळ, जांभळट,
तळाशी साका.
"आम्ही गाळत नाही," ओतणारा पोरगा म्हणाला,
"काही घालत नाही, काही काढत नाही."
वास आधी गोठ्याचा,
मग, जरा थांबलं तर, करवंदांचा.

अकरा वर्षांनी भेटत होतो.
तिनं घटस्फोट गाळला, मला ठाऊक असलेला.
मी गाठ गाळली.
शाळेत गाळलेल्या जागा
किती भराभर भरायचो आपण,
एका मार्काला एक.

शेवटी तिनं बाटली उलटीच धरली.
साका सगळा माझ्या ग्लासात.
"चावून पी," म्हणाली, "आणि सांग आता."

सांगण्याआधी मी खारे शेंगदाणे मागितले.
त्यांच्याकडे फक्त ऑलिव्ह होते.