चोवीस बोल्ट

बीडलॉक म्हटलं की अम्मा विचारते,
बीडचं कुलूप सोलापुरात कशाला?
मी सांगते, चादरीला काठ असतो ना अम्मा,
तसा टायरचाही असतो, त्याला बीड म्हणतात.
वाळूत हवा आठावर आणली
की साधा टायर रिमवरून निसटतो.
म्हणून वरून ही कडी,
आणि कडीला चोवीस बोल्ट.
चोवीस? अम्मा म्हणते,
जुडी तर पंचविसाची असते.
आणि सूप पुन्हा मांडीवर ओढून
पानात तंबाखू भरायला लागते.

अक्कलकोट रोडच्या मागच्या गल्लीत आमचं शेड.
भिंतीपलीकडे कोंड्यालांचे चार माग,
दिवसभर खटक-खटक. बोलायचं तर ओरडून.
अप्पा तिथेच जॉबर होते.
भीमावरचा ताणा बोटाने छेडून सांगायचे
कुठला धागा सैल आहे.
डोळे गेल्यासारखे झालेत आता,
बोट तेवढं शाबूत.

आज रेवणसिद्ध बिराजदारची जिप्सी.
सीनेच्या पात्रातला चिखल
चाकांवर वाळून भाकरीसारखा तडकलेला.
"पटकन गन लाव की, पाहुणे थांबलेत घरी."
मी आधी व्हॉल्व्हची पिन काढते.
फुस्स संपेपर्यंत कडीला हात नाही.
अप्पांच्या भुवईवर अर्ध्या चंद्राचा व्रण आहे,
त्या दिवशी टायरात
थोडीशीच हवा राहिली होती.

कडी उतरली. काठाखाली मूठभर सीना,
एक शिंपला, गवताची काडी.
ब्रशने खाच साफ केली, फडक्याने पुसली,
बोल्ट रॉकेलच्या परातीत सोडले.
नव्या बोल्टशेजारी एकेक उभा करून पाहिला.
एक निघाला तांदळाच्या कणीएवढा उंच,
ताणून ताणून लांबलेला.
"छाट," मी म्हणाले.
कारखान्यात अम्माच्या विड्या बाजूला काढताना
मुनीम म्हणतो तसं.
"एवढ्यानं काय होतंय बे?"
मी उत्तर दिलं नाही. अम्माही कधी देत नाही.

कडी बसवली, बोल्ट हाताने फिरवले,
रेवणने गन माझ्यासमोर धरली,
आणि लाइट गेली.
कॉम्प्रेसर थांबला. पलीकडचे माग थांबले.
एवढी शांतता गल्लीत मी
फक्त बंदच्या दिवशी ऐकली होती.

मग टॉर्कचा पाना.
एक, समोरचा, मग आडवा, मग त्याच्या समोरचा.
आधी दहावर. मग अठरावर. मग पंचविसावर.
कट्.
कट्.
प्रत्येक बोल्ट बोलताना ऐकू येत होता.
शेवटच्या फेरीत सतराव्याला
अप्पांनी खाटेवरून मान वर केली.
"परत."
ढिला केला, परत आवळला.
कट्.
"हं," म्हणाले, आणि आडवे झाले.
रेवण गन खाली ठेवून
पायरीवर बसला होता,
पाहुण्यांना फोन न करता.

साबणाचं पाणी फिरवलं, बुडबुडा नाही.
मग प्रत्येक बोल्टपासून कडीपर्यंत
पिवळ्या नेलपेंटची बारीक रेघ.
माझ्या नखांना कधी लावली नाही ही बाटली.
"पन्नास किलोमीटर झाले की ये.
रेघ तुटली असेल तिथे बोल्ट हलला असेल."
येतो म्हणाला. सगळेच येतो म्हणतात.
लाइट आली, मागांनी त्याचं बोलणं गिळलं.

गुरुवारी संध्याकाळी आला खरा.
गुडघ्यावर बसून मोजलं.
तेवीस रेघा सरळ.
एक, सतरावी, केसभर सरकलेली.
अप्पांना सांगितलं नाही.
त्यांनी विचारलंही नाही,
फक्त पाना पुढे केला.

रात्री अम्मा जुड्या बांधत होती,
तोंडात दोरा धरून.
"बरोबर भरले का आज तुझे?"
मी म्हटलं, एक कमीच असतो अम्मा, आमच्यात.
ती दोरा तोडत हसली,
आणि माझ्या हाताला येणारा रॉकेलचा वास
तंबाखूच्या वासात बसून गेला.