इतिवृत्तात नाही

पुस्तकात गट म्हणतात, आमच्याकडे सर्कल.
अठ्ठावन्न सर्कल, तेरा पंचायत समित्या,
आणि सभा विभागात मी, कनिष्ठ सहायक,
इतिवृत्त लिहितो.

बचत भवनात आरक्षणाची सोडत होती.
बरणी पारदर्शक पाहिजे, असं परिपत्रक.
ऐन वेळी सापडली ती निताराम शिपायाच्या घरची,
लोणच्याची. तीनदा धुतली,
तरी झाकण काढलं की मेथीचा वास.
चौथीतली तन्वी नेवारे म्हणाली,
पट्टी नका बांधू, मी नाही पाहत, शप्पथ.

लोकसंख्येच्या तक्त्यानं चिचाळा सर्कल जमातीला गेलं,
तिथेच गुणवंतराव चाचेरेंचं नाव कटलं.
मग तन्वीच्या हाताला 'महिला' लागली
आणि त्यांच्या ड्रायव्हरचंही कटलं.
सहा महिने सर्कलभर तेराव्या जेवलेला माणूस
उठला, टोपी झटकली,
"चला बाप्पा," म्हणाला, "मुरलं लोणचं."

यंत्रावर मतं दोन,
एक जिल्हा परिषदेला, एक गणाला.
म्हातारी एकच बटण दाबून निघाली
की केंद्राध्यक्ष मागून ओरडतो,
"आजी, अजून एक! अजून एक!"
पंगतीत वाढप्यानं आग्रह करावा तसा.

पुष्पकला उईके आल्या, एकशे अकरा मतांनी.

अध्यक्षाच्या निवडीला पचमढीहून दोन बसा
थेट सिव्हिल लाइन्सच्या फाटकात.
सदस्यांच्या अंगात सारखेच नवे स्वेटर.
हात वर करून मतदान. मी मोजत होतो.
एक हात खांद्यापर्यंतच आला.
पीठासीन अधिकारी म्हणाले, पूर्ण वर करा.
तो कोणाचा होता, ते मी लिहिलं नाही.

मग विषय समित्या.
बांधकामासाठी भांडण, अर्थासाठी रुसवा,
पुष्पकलाबाईंच्या वाट्याला पशुसंवर्धन.
"एक बकरी होती जी," त्या म्हणाल्या,
"ते बी प्रचारात विकली."

सभागृहात अध्यक्ष मधोमध,
उजवीकडे मुख्य कार्यकारी अधिकारी.
अध्यक्ष निवडून येतात,
साहेब बदलून येतात.
खाली खुर्च्या, त्यांच्यापुढे माईक,
तिसऱ्या रांगेतला कायमचा बंद.

बाई तिसऱ्या रांगेत.
दोनदा उठल्या, आवाज पोचला नाही.
तिसऱ्यांदा पिशवीतून कौल काढलं,
चिचाळ्याच्या शाळेचं, फुटकं,
आणि टेबलावर ठेवलं.
ठेवलं म्हणजे, आपटलंच.

पंखे फिरत होते. कोणी खोकलं सुद्धा नाही.

मी लिहिलं:
सन्माननीय सदस्यांनी शाळा दुरुस्तीबाबत विचारणा केली.
चर्चा झाली.

मुदत संपली. निवडणूक लांबली.
आता प्रशासक. साहेब स्वतःच प्रस्ताव मांडतात,
स्वतःच मंजूर करतात,
आणि मी त्याचंही इतिवृत्त लिहितो,
एका माणसाची बहुमताची सभा.
सभागृहाला कुलूप. माईकवर फडकी.

परवा दुपारी पुष्पकलाबाई आल्या,
माजी सदस्य, पायात स्लिपर, हातात अर्ज.
इतिवृत्ताची नक्कल पाहिजे.
दिली. त्यांनी बोट ठेवून वाचली,
सावकाश, शाळेतल्या पोरासारखी.
"चर्चा झाली," वाचलं.
मग माझ्याकडे पाहिलं.
"झाली होती का जी?"

मी कपाट उघडलं.
त्या दिवशी टेबल आवरताना
ते कौल मी उचलून आणलं होतं,
तीन वर्षं त्याखाली रजेचे अर्ज दाबले.

"वापस द्या," म्हणाल्या,
"छप्पर तसंच आहे. एक भोक तरी बुजन."

मी जावक नोंदवही ओढली, तारीख टाकली,
त्यांची सही घेतली,
आणि तपशिलाच्या रकान्यात
चांगल्या अक्षरात लिहिलं:
कौल. फुटके. एक नग.