प्रश्न क्रमांक चौदा

आगरवाड्याच्या मिठागरात
प्रश्नावली घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा फेब्रुवारी होता.
वाफ्यांतलं पाणी घट्ट होत आलेलं,
कागदाच्या कडा बोटांना खारट.

प्रश्न चौदा : तुम्हाला एकटं वाटतं का?
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेकदा, नेहमी.
द्रौपदी कोरखणकर, वय एकसष्ट,
घोट्यापर्यंत मिठाचे पांढरे मोजे,
म्हणाली, एकटीच मगे. हांगा आनी कोण दिसता तुका?
मी 'नेहमी'वर खूण केली.
मग खोडली.
तिने माणसं मोजली होती,
मला मोजायचं होतं दुसरंच काही.

ताळगावला एर्मेलिंडा मॅडमनी
चष्मा कपाळावर सारला आणि शब्द पाठवला प्रवासाला :
इंग्रजीतून मराठी, मराठीतून कोंकणी,
मग तिसऱ्याच कुणाकडून परत इंग्रजी.
गेला होता एकटेपणा,
परत आला तो कंटाळा.
म्हापशाच्या स्टँडवर बस बदलताना
कुणाची तरी पिशवी उचलून आणावी तसा.
दोन महिने घासाघीस. शेवटी ठरलं :
एकसुरें दिसता?

एप्रिल. नणंद शेजारी बसलेली,
टोपल्या मोजत, कान इकडे.
कधीच नाही.
चौदा दिवसांनी, तोच बांध, तीच वेळ, तीच नणंद.
कधीच नाही.
बेचाळीस बायका, त्यांतल्या अडतीस
आपापल्या पहिल्या उत्तराला जागल्या.
संगणकाने आकडा दिला : शून्य पूर्णांक एक्क्याण्णव.
मॅडम म्हणाल्या, सुंदर!
मी तो आकडा घरापर्यंत
गरम चण्यांच्या पुडीसारखा मुठीत धरून नेला.

फक्त, त्या दिवशी उठता उठता
द्रौपदीने हळूच विचारलं होतं :
गेल्या फावटी तेंच सांगिल्लें मगे?
तुझें काम चुकपाक नाका.

आमच्या वाड्यावर बाबुसोचं दुकान होतं.
त्याचा तराजू किलोमागे पन्नास ग्रॅम मारायचा.
कधी चाळीस नाही, कधी साठ नाही,
चतुर्थीला नाही, शिगम्याला नाही,
बरोबर पन्नास.
आई म्हणायची, माणूस भरवशाचा.

चौथ्यांदा गेले ती कागदाशिवाय.
आम्ही मानशीपाशी बसलो.
भरतीने दार ढकललं, पाणी आत आलं,
ओहोटी लागली तसं ते आपसूक मिटलं.
मी उगाच फळीला हात लावला.
ओढूं नाका, ती म्हणाली, पाणयाक कळटा.

मग बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता,
पोरगा तारवार गेल्याक पाच वर्सां जालीं,
पूण बाजारात हात आजून चार बांगडे उचलता.
दोन मांजराक.
मांजर बी बरें मोटें जालां.

नणंद त्या दिवशी नव्हती.

परत येऊन मी नवा प्रश्न लिहिला :
घरात खाणारी माणसं किती, तुम्ही बांगडे किती आणता?
तज्ज्ञांच्या समितीने लाल शाईने विचारलं,
बांगड्यांचा एकटेपणाशी संबंध सिद्ध करा.
शाकाहारी उत्तरदात्यांचं काय?
पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा?
त्यांचंही बरोबर होतं.
प्रश्न गेला. समासात
मांजराएवढी जागा उरली.

एक सांगायचं राहिलं.
त्या संध्याकाळी बांधावरून उठताना तिने विचारलं,
आनी तुका? तुका एकसुरें दिसता?
ताळगावची खोली, एक पंखा, एक ताट,
दोन माणसांचा भात होईल एवढा कुकर.
मी म्हटलं, कधीच नाही.

ती हसलीबिसली नाही.
फावडं खांद्यावर घेत म्हणाली,
बरें.
पंदरा दिसांनी परत विचारतां.