वसुली

गिरनीचा पट्टा फिरत होता, ज्वारी अर्धी दळली
तवा फोन आला.
"पंचफुला खाडे? बेचाळीस हजार तीनशे.
पाचच्या आत भरा, नाही तं पोलीस निंगाले."

हात पिठाचे, मोबाईल गालाखाली.
पोटात धस्स झालं, खोटं काऊन सांगू.

म्हनलं, कोनतं कर्ज? कवाचं?
म्हने, ते मंग. आधी मेसेजमधला नंबर सांगा.
म्हनलं, कागद धाड, शिक्क्याचा.
म्हने, फोन ठेवू नका. कोनाले सांगू नका.

तितंच समजलं.

अरे बाप्पा, उधारी मी बी वसूल करतो.
खिळ्याले वही लटकली हाय:
देवकाबाईचे अठरा रुपये,
मास्तरचे पोळ्यापासूनचे.
चार लोकांत मांगतो, पान उघडून दाखवतो.
खरं देनं ओट्यावर येऊन बसते,
पानी मांगते.

"बाबू," म्हनलं, "जेवला का?"
तो गप. मंग शिवी. मंग टूं टूं.

त्याचा नंबर पाटीवर लिवला,
खाली एकोणीसशे तीस.
रांगेतली चंद्रकला पाटीकडं पाहात म्हने,
"मले सोमवारीच आलता.
कोनाले सांगू नका म्हने, म्हनून..."
पुढं बोलली नाही.

म्या पट्टा बंद केला.