काळ: सोमवारपर्यंत

रविवारी दालन उघडायचंय.
निपाणीतल्या या जुन्या वखारीला दोनदा चुना दिला,
तरी तंबाखूचा वास हटत नाही.
पट्टणशेट्टी म्हणाले, राहू द्या,
तीच पहिली वस्तू समजा.

हुक्केरीहून चित्रं आलीत, धोतरात गुंडाळून:
वेदगंगेवरचा पूल, बाजारातली मिरची,
आणि एक म्हैस,
जिचं तोंड चितारणाऱ्याच्या मामासारखं आहे म्हणे.
प्रत्येक चिठ्ठीवर कन्नड, खाली मराठी.
मी पट्टी लावून अक्षरं मोजतोय,
कुणाचीच बारीक दिसायला नकोत.

दुपारी आक्काताई मगदूम आल्या.
काखेत सूप, सुपात कात्री, पत्र्याचा फर्मा.
सुपाचा काठ एका जागी
मनगट टेकून टेकून गुळगुळीत झालेला.
मी वहीत लिहिलं: विडी वळण्याची अवजारं.
काळ...
आणि पेन थांबलं.

"काळ कसला लिवतोस?
सोमवारी परत नेतो की मी.
हजाराचा हिशेब द्यायचाय कारखान्यात."

काचेच्या पेटीसाठी आणलेलं कुलूप
खिशातच राहिलं.
पट्टणशेट्टींनी वर कन्नडात लिहिलं, मी खाली मराठीत:
सोमवारपर्यंत.

आक्काताईंना दोन्ही वाचता येत नाही.
जाताना त्या म्हशीपुढे थांबल्या,
डोकं वाकडं करून बराच वेळ बघितलं.
"ही भीमाप्पाची," म्हणाल्या,
"औंदा आटली."