नाकाचा तुकडा

गणेबैलच्या अलीकडं, खानापूर रस्त्याला
मौनेश बडिगेरांची शेड. तिथं मी पाणकागद मारतो.
मराठी गावाला नंदी, कानडी गावाला बसवण्णा,
साचा एकच.
कधी तुळशीकट्टा, कधी गेलेल्या कुणाचा अर्धपुतळा, मिशांसकट.

श्रावणाच्या तोंडावर पाटणेकर आला,
जांबोटीकडचा हॉटेलवाला, मोबाईलवर फोटो घेऊन.
संगमरवराचं पोरगं. केसांत द्राक्षांचा घोस,
कान टोकदार, माकडहाडावर इवली शेपटी.
नाक नाही. डावा हात कोपरापासून नाही.
आणि हसतंय.

देव? अण्णांनी विचारलं.
नव्हे हो, देवाच्या मेळ्यातला. दारूचा देव त्यांचा.
रोमन लोक बागेत ठेवायचे.
मग पूजा?
पूजा कसली, शोभेला म्हटलं की.
अण्णा स्क्रीन मोठी करकरून कानच बघत राहिले.
कल्लव्वाच्या शेळीचे हायत, म्हणाले.

सव्वादोन महिने गेले मकराण्याच्या त्या ठोकळ्यात.
अण्णांनी घडवलं ते पुरतं घडवलं:
हात अख्खा, मुठीत द्राक्षं,
नाकपुड्या फुगलेल्या, नुकतंच पळून आल्यागत.
मी सहा नंबरांचे कागद झिजवले त्याच्या पाठीवर,
शेवटी शेवटी तर शेपटीशी बोलायला लागलो.

पाटणेकरनं फोटो ताडून बघितला.
लईच नवं वाटतंय. नाक फोडा. हात काढा कोपरातनं.
मग खरं वाटंल.

ब्याड, म्हणाले अण्णा. एवढंच.
छिन्नी पुसून पेटीत ठेवली, बाहेर जाऊन बसले.

फुटलेली मूर्ती आम्ही नदीला देतो.
तिकडं म्हणे फुटल्यावर काचेत ठेवतात,
वरून दिवा सोडतात.
असेल. पण ॲडव्हान्स घेतला होता,
कटरचा हप्ता त्यातनंच गेला होता.

घाव मी घातला.
मोजून, एक, दोन,
तीनची गरज पडली नाही.
हाताला तेवढा वेळ लागला.
हसायचं थांबलं नाही ते.

टेंपो वळल्यावर अण्णांनी सगळे तुकडे
पंचात बांधले, द्राक्षांसकट,
मला स्कूटरवर मागं बसवलं, मलप्रभेला आणलं.
काय म्हणायचं असतं, दोघांनाही ठाऊक नव्हतं.
ते कानडीत काहीतरी पुटपुटले.
मी गणपतीला म्हणतो तेच म्हणालो,
'पुढच्या वर्षी'पाशी अडखळलो.

हात लगेच बुडाला.
नाक उथळात राहिलं, वाळूत,
नाकपुड्या वर करून.
मी पायानं ढकललं नाही.